पीटी-७६ पाण्यावर तरंगतो कसा आणि एवढ्या पातळ चिलखताने लढला कसा? जाणकारांनी सांगा

यंत्रवेडा_कराड

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात मेव्हण्याकडे गेलो होतो, तो फौजेत आहे. त्यांच्या आवारात चौथऱ्यावर एक जुना रणगाडा ठेवलाय, पीटी-७६. पाटीवर रशियन बनावट, वजन १४ टन, तोफ ७६ मिमी, पाण्यात चालणारा, एवढंच लिहिलेलं. माझी मुलगी चौथीत आहे, ती मागच्या बाजूला गेली आणि तिथूनच ओरडली, बाबा याला मागे दोन गोल दारं आहेत, ही बोट आहे का? जाऊन बघितलं तर खरंच दोन गोल झाकणं, बिजागरीवर बसवलेली.

मी साखर कारखान्यात पंपांच्या मेंटेनन्सला आहे त्यामुळे ती झाकणं बघून डोकं तिथेच अडकलं. म्हणजे याला पंखा नाही, हा पाणी फेकून पुढे जातो की काय? आणि मग वळतो कसा, सुकाणू तर कुठे दिसलं नाही. बाजूच्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं तर आवाज रणगाड्यासारखा वाटतच नाही, मोठ्या टाकीवर मारल्यासारखा वाटतो. मेव्हणा म्हणाला याचं चिलखत फार पातळ आहे, पण १९७१ ला बांगलादेशात यानेच काम केलं. आता हे दोन्ही एकदम खरं कसं काय? पातळ पत्रा घेऊन समोरच्या रणगाड्याशी लढायचं म्हणजे काय, पाण्यात असताना तोफ डागता येते का, आणि आता असे रणगाडे का दिसत नाहीत, सगळंच विचारायचंय. नेटवर नुसते आकडे मिळतात, का ते कोणी सांगत नाही. मुलीला नीट समजावून सांगायचंय म्हणून विचारतोय.

गोदीवाला

दादा तुमच्या मुलीने एका वाक्यात बरोबर ओळखलंय, ती बोटच आहे. मी जहाजबांधणीत ड्रॉइंगचं काम करतो, रणगाड्यांशी थेट संबंध नाही पण हे यंत्र मला कायम आवडत आलंय कारण त्यातला प्रत्येक निर्णय पाण्याने घ्यायला लावलाय.

आधी तरंगण्याचं बघू. १४ टन वजन तरंगायचं म्हणजे त्याने १४ टन पाणी बाजूला सारलं पाहिजे, म्हणजेच गोड्या पाण्यात १४ घनमीटर. पीटी-७६ चं अंग तोफ सोडून साधारण ६.९ मीटर लांब आणि ३.१४ मीटर रुंद. अगदी चौकोनी पेटी धरली तर २१ चौरस मीटरचा तळ झाला, म्हणजे पाऊण मीटरच्याही आत बुडून तो तरंगायला हवा. प्रत्यक्षात पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा तिरका कापलेला आहे आणि तळ सगळीकडे सपाट नाही म्हणून जास्त बुडतो, पण हिशोबाची रीत हीच. याच २१ चौरस मीटरच्या हिशोबाने एक टन वजन वाढलं की रणगाडा साधारण पाच सेंटीमीटर आणखी खाली जातो. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आता पोलाद. एक चौरस मीटरचा एक मिलीमीटर जाड पत्रा जवळजवळ आठ किलो भरतो. समजा तुम्ही म्हणालात की चिलखत सगळीकडून फक्त १० मिमीने वाढवा, आणि पृष्ठभाग ढोबळ ५० चौरस मीटर धरला, तर चार टन वाढले. चार टन म्हणजे वीस सेंटीमीटर खाली. नदीत शिरताना, वळताना, तोफ डागताना पाण्याच्या वर जे काही अंग उरलंय त्यातले वीस सेंटीमीटर गेले तर लाट थेट डेकवर. म्हणून हलच्या (खालच्या मुख्य अंगाच्या) बाजू १४ मिमीच्या आसपास, टरेटचा (वर फिरणाऱ्या, तोफ बसवलेल्या भागाचा) पुढचा भाग २० मिमीच्या घरात आणि तळ तर अवघा ५ मिमी. तुम्ही टकटक केल्यावर टाकीसारखा आवाज आला तो त्यामुळेच, आत मोकळी हवा भरपूर आहे आणि ती हवा हवीच आहे. चाकंसुद्धा पोकळ केलीत, तेवढाच तरंगायला हातभार.

अंग मोठं, पत्रा पातळ, हा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केलाय. समोरच्या वरच्या पत्र्याला ८० अंशांचा तिरकेपणा आहे, म्हणजे जवळजवळ आडवाच झोपवलाय, त्यामुळे ११ मिमीचा पत्रासुद्धा समोरून येणाऱ्या गोळीला बराच लांब वाटतो. साध्या रायफलीची गोळी आणि तोफगोळ्याच्या कपच्या अडवायच्या, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

आणि तुमच्या झाकणांबद्दल. तुम्ही पंपवाले आहात तर तुम्हाला लगेच कळेल. तळाला दोन तोंडं आहेत, तिथून पाणी आत ओढलं जातं, इंजिनवर चालणारे दोन पंप ते मागच्या दोन गोल तोंडांतून जोरात बाहेर फेकतात. म्हणजे प्रतिक्रियेने रणगाडा पुढे. वेग तासाला १० किलोमीटरच्या आसपास. वळायचं असेल तर एका बाजूचं झाकण बंद करायचं, मग त्या बाजूचं पाणी मागे न जाता बाजूच्या वाटेने पुढच्या दिशेला फेकलं जातं. एक बाजू पुढे ढकलतेय, दुसरी मागे ओढतेय, रणगाडा जागच्या जागी फिरतो. दोन्ही झाकणं बंद केली की मागे जातो. म्हणून सुकाणू दिसलं नाही, ते झाकणच सुकाणू आहे.

पंखा का नाही? याच्या आधीच्या रशियन छोट्या तरंगत्या रणगाड्यांना, टी-३७ए, टी-३८, टी-४० यांना मागे पंखाच होता. पण जमिनीवर दगड, झाडाचे बुंधे, नदीकाठचा चिखल यात पंखा उघडा राहतो आणि पहिल्यांदा तोच मोडतो. पंप पोटात राहतो. आपल्याकडच्या बीएमपी-२ ने, म्हणजे पायदळ नेणाऱ्या चिलखती गाडीने, तर पंपही टाळला, तो पाण्यात पट्टे फिरवूनच पुढे जातो, पण मग वेग ७ किलोमीटरवर येतो. नदीला ओढ असेल तर त्या तीन किलोमीटरचा फरक फार मोठा असतो, सात किलोमीटरने पोहणारं वाहन पाच किलोमीटरच्या प्रवाहात कुठच्या कुठे वाहत जाऊन लागतं.

निवृत्त_दफेदार

गोदीवाल्यांनी हिशोब छान सांगितला. मी आतलं सांगतो. मी ड्रायव्हर होतो, ७१ च्या बऱ्याच नंतरचा, पण ७१ ला गेलेली माणसं आम्हाला शिकवायला होती. रेजिमेंट सांगत नाही.

आमच्याकडे याला पिप्पा म्हणायचे. पंजाबी पोरांनी दिलेलं नाव, तुपाचा रिकामा डबा पाण्यात टाकला की डुलत राहतो ना तसा म्हणून. मराठीत आपण पिंप म्हणतो त्याच कुळातला शब्द. शिव्या म्हणून नाही, लाडाने म्हणायचे.

आत तीनच माणसं. ड्रायव्हर पुढे मधोमध, बरोबर तोफेच्या खाली. टरेटमध्ये कमांडर आणि लोडर. गनर म्हणून वेगळा माणूस नाही, कमांडरच गनर. हे लिहायला सोपं वाटतं पण त्या माणसावर काय काय असतं बघा, रस्ता बघायचा, दुश्मन शोधायचा, रेडिओवर बोलायचं, ट्रूप कमांडर असेल तर बाकीच्या दोन टँकना सांभाळायचं, ड्रायव्हरला डावीकडे उजवीकडे सांगायचं, आणि मग साइटला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, डोळा लावून गोळा मारायचा. साइटला डोळा लावला की बाहेरचं सगळं बंद. चौथा माणूस घेतला असता तर जागा आणि वजन दोन्ही गेलं असतं, गोदीवाल्यांच्या हिशोबात बसलं नसतं.

पाण्यात उतरायची तयारी फार नसते, हीच त्याची खरी कमाल आहे. समोरची लाटफळी उभी करायची, पाणी उपसायचे पंप चालू करून बघायचे, ड्रायव्हरचा लांब पेरिस्कोप वर काढायचा कारण लाटफळी उभी राहिली की नेहमीच्या पेरिस्कोपमधून फक्त फळीच दिसते. झालं. बाहेर उतरून ताडपत्री बांधायची नाही, नळ्या जोडायच्या नाहीत. पण त्याआधी एक काम असतं ते म्हणजे तळाचे प्लग बघायचे, हाताने, पान्याने, प्रत्येक.

हे मी मनापासून सांगतोय कारण माझ्या हातून ते एकदा राहिलं होतं. तलावात सराव होता. आदल्या दिवशी आत साचलेलं तेलपाणी काढायला मी एक प्लग काढला होता, परत लावताना त्याची वायसर खालीच राहिली चिखलात, आणि अंधारात मी प्लग नुसता आवळून मोकळा झालो. सकाळी पाण्यात गेलो, पन्नास साठ मीटर गेलो असू, बुटाला गार लागलं. आधी वाटलं वरून शिंतोडे आले. मग बघतो तर माझ्या पायाखालच्या पत्र्यावर पाणी हलतंय, इंजिनच्या आवाजात काही कळत नव्हतं. कमांडरला सांगितलं, त्यांनी एक शब्द वाढवला नाही, उपसा चालू ठेवायला लावला आणि डावं झाकण बंद करून मला जागच्या जागी फिरवलं, परत काठाला. पंपाने काम केलं म्हणून वेळ निभावली. पण ते गार पाणी बुटात येतानाचा क्षण मला चाळीस वर्षांनीही आठवतो. त्यानंतर माझ्या टँकचे प्लग मी दुसऱ्या कोणाला कधी लावू दिले नाहीत.

आणि पोहण्यापेक्षा बाहेर पडणं अवघड, हे कोणी पुस्तकात ठळक लिहीत नाही. उतरताना टँक आपल्या वजनाने घसरतो, पण पलीकडचा काठ उभा असेल किंवा गाळाचा असेल तर नाक वर, शेपूट पाण्यात अशी अवस्था होते. तेव्हा पट्टे आणि पाण्याचे जेट दोन्ही एकदम चालू ठेवायचे, पट्ट्यांना जमीन लागेपर्यंत जेट मागून ढकलत राहतात. त्यामुळे आधी पलीकडच्या काठावर माणूस पाठवून घसरगुंडी कुठे आहे, गुरं पाण्यावर कुठून येतात ते बघायचं. गुरांची वाट ही सर्वात भरवशाची वाट.

पाण्यातून तोफ डागता येते. जमिनीसारखी नेम धरून नाही लागत, टँक डुलतो, पण काठावरच्या मशिनगनला गप्प करायला पुरते. नंतरच्या बी मॉडेलला तोफ स्थिर ठेवायची यंत्रणा आली.

चिकित्सक_नागपूर

सगळ्यांचं वाचलं, आवडलं, पण एक बाजू मांडतो, कारण अशा चर्चेत आपण फार लवकर प्रेमात पडतो. पीटी-७६ हा रणगाड्याशी लढायला केलेलाच नव्हता. सोव्हिएत फौजेने तो १९५१ मध्ये स्वीकारला, कोटिन यांच्या लेनिनग्राडच्या मंडळींचं डिझाइन, आणि काम होतं टेहळणीचं, मोठ्या फौजेच्या पुढे जायचं, पूर्व युरोपातल्या नद्या पुलाची वाट न बघता ओलांडायच्या आणि पलीकडे जागा धरून ठेवायची. ७६.२ मिमीची तोफ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या टी-३४ च्या ताकदीची, १९५१ च्या मानानेही ती मागेच होती. जवळून जड मशिनगनने बाजूला मारा केला तरी पत्रा फुटू शकतो.

व्हिएतनाममध्ये दोन्ही बाजू दिसल्या. ७ फेब्रुवारी १९६८ ला लांग वेईच्या अमेरिकी स्पेशल फोर्सेसच्या तळावर उत्तर व्हिएतनामने रात्री पीटी-७६ घातले आणि तळ घेतला. तिथे समोर रणगाडे नव्हतेच. पण वर्षभराने, ३ मार्च १९६९ ला बेन हेटला समोर अमेरिकेचे एम-४८ पॅटन रणगाडे होते, तिथे दोन पीटी-७६ गेले आणि बाकीचे मागे फिरले. तोच रणगाडा, फरक समोर कोण आहे याचा. म्हणून ७१ मध्ये यानेच काम केलं हे म्हणताना समोर काय होतं ते बघावं लागेल.

मीनल_कोलकाता

ते मी सांगते. माझं माहेर सांगलीचं, लग्नानंतर वीस वर्षं कोलकात्यात आहे, इथून बांगलादेश सीमेजवळच्या बोयरा बनगाव बाजूला दोनदा जाऊन आलेय. त्या भागात उभं राहिलं की कळतं की इथे हलका तरंगता रणगाडाच का लागला. जिकडे बघाल तिकडे भातखाचरं, तळी, नाले, बांध, आणि मध्ये कबाडक नदी. नोव्हेंबरमध्ये पाऊस गेलेला असतो पण वरचा थर सुकतो आणि खालची माती मऊच राहते, मी चप्पल घालून एका बांधावरून खाली उतरले तर टाच आत गेली. टी-५५ हा जड रणगाडा ३६ टनांचा, जमिनीवर त्याचा दाब पीटी-७६ च्या दीडपटीहून जास्त. पीटी-७६ चा दाब दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही, म्हणजे उभा माणूस जेवढा रुततो तेवढाच जवळजवळ.

गरीबपूरची लढाई २० आणि २१ नोव्हेंबर १९७१ ची, युद्ध अधिकृतपणे सुरू झालं ३ डिसेंबरला, त्याच्या आधीची. १४ पंजाब ही पायदळाची बटालियन आणि ४५ कॅव्हलरीची सी स्क्वाड्रन, १४ पीटी-७६, हे रात्री सीमा ओलांडून गरीबपूरला जाऊन बसले. पाकिस्तानच्या १०७ ब्रिगेडने पहाटे प्रतिहल्ला केला, सोबत त्यांची ३ इंडिपेंडंट आर्मर्ड स्क्वाड्रन होती, एम-२४ चॅफी रणगाड्यांची. आता चिकित्सकांच्या मुद्द्यावर येते. चॅफी हा १९४४ चा अमेरिकी हलका रणगाडा, १८ टनांचा, ७५ मिमी तोफ. चिलखत पीटी-७६ पेक्षा जाड, पण दोघेही एकमेकांना सहज फोडू शकतील असेच. म्हणजे जाडीने निकाल लागणार नव्हता, आधी कोण बघतो आणि आधी कोण मारतो याने लागणार होता.

आणि त्या सकाळी धुकं होतं. बंगालमधलं हिवाळ्याचं धुकं ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, समोरचं नारळाचं झाड दिसत नाही, फक्त त्याच्या झावळ्यांवरून पडणारे थेंब ऐकू येतात. त्यात चाल करून येणाऱ्याला पुढे सरकावं लागतं, आवाज करावा लागतो. बसलेल्याला फक्त वाट बघायची असते. भारताचे टँक जागा धरून थांबले होते, सोबत पायदळाच्या रिकॉइललेस गन, म्हणजे रणगाडे फोडायच्या हलक्या तोफा. पाकिस्तानचे दहाच्या वर चॅफी गेले, ती स्क्वाड्रन लढाईतून जवळजवळ संपलीच, आपलं रणगाड्यांचं नुकसान त्या मानाने अगदी थोडं.

पण त्याची किंमत मोजावी लागली. स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजित सिंग नारग मशिनगनच्या माऱ्यात पडले. दफेदार काकांनी आत्ता जे सांगितलं ना, साइटला डोळा लावला की बाहेरचं बंद, ते वाचून मला त्यांचीच आठवण आली. चौदा टँक हाकायचे तर माणूस कुपोलातून, म्हणजे टरेटच्या वरच्या झाकणातून, डोकं बाहेर काढूनच उभा राहणार, त्याशिवाय धुक्यात दिसणार कसं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, याच बोयराच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, लोकांना ती हवाई लढाई जास्त माहीत असते, खालची कमी.

तर माझं म्हणणं असं की पीटी-७६ जिंकला तो चिलखतामुळे नाही, तोफेमुळेही नाही, तो तिथे हजर होता म्हणून. जिथे जड रणगाडा रात्रीत पोचूच शकत नव्हता तिथे चौदा तोफा पहाटे तयार होत्या.

गोदीवाला

मीनलताई, हजर होता म्हणून, हे अगदी पटलं.

मेघनेचं पण सांगा ना कोणीतरी, ती गोष्ट मी अर्धवट ऐकलीय की तिथे तरंगायला त्रास झाला.

मीनल_कोलकाता

हो. ४ कोअरचे सगत सिंग यांनी ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरने माणसं मेघनेपलीकडे उतरवली, पूल पाकिस्तानने उडवला होता. ६३ कॅव्हलरीच्या पीटी-७६ ना पोहून जायचं होतं. पण मेघना म्हणजे आपल्या कृष्णेसारखी नदी नाही हो, पलीकडचा काठ एक रेघ दिसतो. साधारण अर्धा तास पोहल्यावर इंजिनं तापायला लागली आणि नदी ओलांडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागणार होता. शेवटी गावातल्या, नागरी बोटींनी दोर बांधून ते टँक ओढत नेले. स्थानिक बंगाली नावाड्यांनी ओढलेले रणगाडे, हे चित्र माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

निवृत्त_दफेदार

बरोबर. यात टँकला दोष देऊ नका. रस्त्यावर इंजिनला उतार मिळतो, गिअर बदलता येतो, श्वास घेता येतो. पाण्यात पूर्ण जोर लावून सतत चालवावं लागतं, एक मिनिट सोडलं की प्रवाह नेतो. इंजिन तरी केवढं, २४० अश्वशक्ती. कारखान्यात असणाऱ्या दादांना आवडेल म्हणून सांगतो, नाव व्ही-६ आहे पण सहा सिलिंडर एका ओळीत आहेत. टी-३४ चं बारा सिलिंडरचं व्ही-२ इंजिन उभं अर्धं कापल्यासारखं ते आहे. तो रणगाडा दोन तीनशे मीटरच्या नद्यांसाठी चांगला, मेघनेसाठी नाही, आणि तरी लोकांनी तो तिथे नेला.

यंत्रवेडा_कराड

मंडळी काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, रात्री जेवण झाल्यावर मुलीला मोबाइलवरून वाचून दाखवलं, गार पाणी बुटात आलं ते दोनदा वाचायला लावलं तिने. काका तुमचे पाय दुखत नाहीत ना आता असं विचारायला सांगितलंय.

व्ही-६ एका ओळीत हे वाचून मीच चाट पडलो. पाणी खेचायच्या तोंडातून गाळ, शेवाळ, पालापाचोळा आत जात असणार, मग पंपाचं काय होत असेल? आमच्याकडे नदीवरच्या पंपाच्या फूटवॉल्व्हला पावसाळ्यात जलपर्णी अडकते तर अर्धा दिवस जातो काढण्यात.

आणि शेवटचा प्रश्न राहिलाच, आता असे का दिसत नाहीत? आपला तो नवीन झोरावर याच जातीचा का?

चिकित्सक_नागपूर

झोरावरचं मी सांगतो. आधी एक गोंधळ दूर करतो, पाण्यातून जाणं आणि पाण्यावर तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टी-७२ सारखे जड रणगाडेसुद्धा नदी ओलांडतात, पण तळावरून चालत. वर श्वासनळी लावतात, सगळ्या फटी बंद करतात आणि पाच मीटर खोलपर्यंत नदीच्या तळाशी चालत जातात. त्याला तयारी लागते, तळ टणक लागतो, आणि पाणी अचानक वाढलं तर माणूस अडकतो. २८ जून २०२४ च्या रात्री लडाखमध्ये श्योक नदी ओलांडण्याच्या सरावात टी-७२ अडकला, बर्फ वितळून पाणी एकदम वाढलं आणि आपले पाच जवान गेले. ते लिहितानाही हात जड होतो. त्या प्रदेशात हलक्या, तरंगू शकणाऱ्या रणगाड्याची गरज का बोलली जाते ते यावरून कळावं.

झोरावर डीआरडीओ आणि एल अँड टीने मिळून केलाय, पहिला नमुना जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवला. २५ टनांच्या घरातला, १०५ मिमी तोफ, पाण्यात चालण्याची क्षमता धरूनच डिझाइन. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाळवंटात आणि डिसेंबरमध्ये ४२०० मीटरच्या वर नेऊन तोफ डागून बघितली. २०२० मध्ये लडाखमधल्या पॅंगॉंगच्या भागात आपण टी-७२, टी-९० वर चढवले हे खरंच मोठं काम होतं, पण ४० टनांच्या वरच्या वाहनाला त्या वाटा आणि ते पूल झेपवणं सोपं नाही. चीनचा टाइप-१५ याच विचारातून आला, तो ३३ टनांच्या आसपास आणि तरंगत नाही.

उंचीवर हलके रणगाडे ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. १ नोव्हेंबर १९४८ ला झोजिला खिंडीवर ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये फ्रेंच एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने लडाखमधल्या चुशूलला उतरवले.

पण गोदीवाल्यांचा हिशोब झोरावरला पण लागू आहे बरं का. २५ टन म्हणजे २५ घनमीटर पाणी, आणि पुढे त्यावर ड्रोनपासून संरक्षण, जादा चिलखत, असं जे जे लावाल त्यातला प्रत्येक टन पाण्यात कुठेतरी दिसणारच. जगभर हे रणगाडे कमी झाले ते यामुळेच, रणगाडा मारणारी हत्यारं एका माणसाच्या खांद्यावर आली आणि पातळ पत्रा घेऊन पुढे जायची हिंमत कोणी करेना. ज्यांना बेटं आणि किनारे सांभाळायचेत त्यांनीच धरून ठेवले. इंडोनेशियाच्या मरीन्सनी त्यांच्या पीटी-७६ ना ९० मिमीची तोफ आणि नवीन इंजिन बसवून वापरात ठेवले, चीनने तर स्वतःचा वेगळा, पाण्यात ताशी २५ किलोमीटरच्या वर पळणारा झेडटीडी-०५ केला.

निवृत्त_दफेदार

मुलीला सांग बाळा, पाय ठणठणीत आहेत आजोबांचे, अजून रोज पहाटे फिरायला जातो.

पालापाचोळ्याचं तुझं बरोबर आहे, पंपवाला माणूस बरोबर जागी बोट ठेवतो. तोंडाला जाळी असते. तरी शेवाळ गुंडाळलं की एका बाजूचा जोर कमी होतो, आणि ते ड्रायव्हरला आधी हातात कळतं, सरळ धरलेला टँक आपोआप एका बाजूला ओढ घ्यायला लागतो. मग त्या बाजूचं झाकण थोडा वेळ बंद करायचं, पाण्याची वाट बदलली की काही वेळा ते सुटतं. नाही सुटलं तर काठ गाठायचा आणि खाली झोपून हाताने ओढून काढायचं. मी काढलंय. लांबच लांब दोऱ्यासारखं येतं आणि वास फार येतो.

परत मेव्हण्याकडे गेलात की मुलीला घेऊन खाली वाकून बघा. चौथरा उंच असेल तर दिसेल. मागच्या चाकांच्या मधल्या भागात तळाला जाळीची तोंडं आहेत, आणि बाजूला मागच्या अंगाला, पट्ट्याच्या वर, दोन्हीकडे एकेक भोक दिसेल, झाकण बंद केल्यावर पाणी तिथून पुढे फेकलं जातं. मागच्या झाकणावर रंगाचे थर चढवले नसतील तर हाताने थोडं हलतंही. हललं तर तिला हलवू द्या.